उरलेले वाटाणे

नाताळच्या रात्री ताटलीत जितके वाटाणे उरतील
तितके अश्रू येत्या वर्षी,
असं आमच्या कुल्डीगात म्हणतात.
म्हणून करडे वाटाणे, खारवलेली चरबी, परतलेला कांदा,
आणि पोट तडस लागलं तरी शेवटचा दाणा.

डागनियाने मात्र अर्धी वाटी तशीच ठेवली.
विमानतळाची बस सव्वाअकराची.
तिच्या वाटणीचे मी खाल्ले, ओट्याशी उभ्यानेच, गार झालेले.
(दुसऱ्याने संपवले तर चालतात का,
हे आता विचारायचं कुणाला?)
पण बरणीच्या तळाशी न शिजवलेलेही होते.
मोजले. सत्तेचाळीस.

मार्च सरत आला तरी वेंताच्या काठाला बर्फाची किनार.
शेजारचा आर्विड्स म्हणतो,
वाटाण्याला कुंडी? तो काय टोमॅटो आहे लाड करायला?
जमीन मोकळी झाली की टाकावा, वर पाय द्यावा, विसरून जावं.
खरं आहे त्याचं. त्याच्याकडे पोतं आहे.
माझ्याकडे सत्तेचाळीस,
आणि वाफ्याखाली उंदरांचं नांदतं गाव.
गेल्या साली त्यांनी ओळ इतकी सरळ उकरली
की वाटावं, दोरी लावून दिली होती मीच.

रात्रभर कोमट पाण्यात ठेवले.
सकाळी सगळ्यांच्या सुरकुत्या गेल्या होत्या.
(हात मीही बराच वेळ बुडवून पाहिला.)
केफिरची खोकी अर्ध्यातून कापली,
पुठ्ठ्याच्या नळ्या तर हिवाळाभर साठवल्याच होत्या.
वाटाण्याचं मूळ लांब जातं, आणि त्याला हात लावलेला खपत नाही,
म्हणून नळीसकट पुरायचं. पुठ्ठा आपोआप विरतो.
बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती.
मग चौथ्या मजल्यावरची दक्षिणेची खिडकी,
जिथे एप्रिलचं ऊन रोज येतं
आणि वाटाण्याच्या अक्षता लावून निघून जातं.

नवव्या दिवशी
स्वेटरच्या गळ्यात अडकलेल्या पोरासारखा
पहिला, आधी मान, मग बऱ्याच वेळाने डोकं.
त्रेचाळीस आले. चौघांनी तोंड दाखवलं नाही.

मग त्यांना बाहेरची सवय लावायची.
पहिल्या दिवशी गॅलरीत तासभर, दुसऱ्या दिवशी दोन,
वारा सुटला की आत, चांदणं फार स्वच्छ असलं की आत.
आठवडाभर मी ड्रॉवर उचलून आत-बाहेर करत होते,
हो, कपाटाचा ड्रॉवरच, ट्रे कुठून आणू,
डागनियाचे मोजे होते त्यात.
ती आयर्लंडमध्ये अळंब्यांच्या शेडमध्ये काम करते.
फोनवर विचारते, तिकडे उजेड किती वाजेपर्यंत असतो गं आता?
मला उपमा द्यायची नाहीये.
वाटाणे वाटाणे आहेत, मुलगी एकोणतीस वर्षांची आहे
आणि तिला थंडीची सवय लावायला
मला कुणी आठवडा दिला नव्हता.

मेच्या दहा तारखेला ड्रॉवर मांडीवर घेऊन बसने पुलापलीकडे.
ड्रायव्हर म्हणाला, यांची तिकिटं?
मी म्हटलं, उभे प्रवासी आहेत, अर्ध्यात सोडा.

एकेक नळी खड्ड्यात. दोन फाटल्या,
पांढरी मुळं हवेत लोंबली क्षणभर,
मी घाईने झाकली, कुणाचं उघडं पत्र झाकावं तशी.
बर्चच्या काटक्या रोवल्या आधाराला.
पलीकडे आर्विड्स कबुतरांना शिव्या घालत
दुसऱ्यांदा पेरत होता. मी मान वर केली नाही.

वाकल्या वाकल्या एकच गोष्ट लक्षात आली,
की आम्ही सगळ्यांनी खरोखर शेवटचा दाणा खाल्ला असता
तर कुल्डीगात वाटाणाच राहिला नसता.
कुणीतरी दर साली थोडे मागे ठेवतच आलंय
आणि त्याबद्दल बोललेलं नाही.

त्या रात्री बर्ड चेरी फुलली, म्हणजे गारठा आलाच.
पहाटेच्या पहिल्या बसने गेले.
रांगेवर कुणीतरी जुना पडदा टाकला होता, पिवळी फुलं असलेला,
चारी कोपऱ्यांवर विटा.
हा पडदा मी आर्विड्सच्या खिडकीत पाहिलाय,
बिरुता होती तेव्हा.

उचलला. त्रेचाळीस उभे.
एकाने काटकी सोडून
शेजारच्याचाच गळा धरला होता.
सोडवायला गेले, मग राहू दिलं.